तीनशे रुपयांचा आजार

बॉनेट उघडून उभ्या असलेल्या माणसाला आपल्याकडे एकटं सोडण्याची पद्धत नाही. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवर मीटिंग लावली तर गणपूर्ती होत नाही. मग नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब होऊन ती त्याच मोजक्या माणसांत पुन्हा भरते. पण कुणी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून आत नुसतं डोकावलं, की गणपूर्ती जागच्या जागी. हात पाठीमागे बांधून, कमरेत किंचित वाकून, "काय झालं?" असं विचारत माणसं जमतात. उत्तराची अपेक्षा कुणालाच नसते. निदान सांगायला सुरुवात करण्यापूर्वीचा तो खाकरा असतो.

आणि छोटं निदान कुणी करत नाही. फ्यूज उडाला असेल, एखादी वायर सैल झाली असेल, असं म्हणणाऱ्याकडे गर्दी पाठ फिरवते. सुरुवातच 'इंजिनाचं काम निघणार' इथून होते आणि बोली वर चढत जाते. आपल्याकडे आजाराची प्रतिष्ठा बिलावर ठरते, असं माझं मत आहे. छातीत कळ आली म्हणून रात्री दवाखान्यात नेलेल्या माणसाला बघायला अख्खी आळी लोटते, आणि सकाळी "नुसता गॅस होता" असं कळलं की चेहरे पडतात. शहाळं घेऊन आलेला माणूस ते आत द्यावं की परत न्यावं या विचारात जिन्यात रेंगाळतो.

स्पार्क प्लगच्या खड्ड्यात ऑइल येणं हा मोटारीच्या दुनियेतला गॅस आहे. लक्षणं सगळी मोठ्या दुखण्याची, आणि औषध तीनशे रुपयांचं रबर. म्हणूनच या आजाराला कुणी वाली नाही. तो आहे असं मान्य करायलाच कुणी तयार होत नाही.

आमची गाडी पेट्रोलची, चार सिलिंडरची. शाळेत घातली असती तर आता सातवीत असती. ती बायको चालवते; मी शेजारी बसून तिला माहीत असलेला रस्ता सांगतो. साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर गाडी आचके द्यायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की पुढे जायच्या ऐवजी जागच्या जागी अंग हलवायची. डॅशबोर्डवर पिवळा इंजिनाचा दिवा उघडझाप करत होता. हा दिवा नुसता लागला तर 'सवड काढून दाखवा' एवढाच निरोप असतो. उघडझाप करायला लागला तर 'आत्ताच्या आत्ता पाय काढा'. कारण न जळलेलं पेट्रोल धुरांड्याच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो गेला की खरोखरच अख्ख्या आळीने भेटायला यावं असं बिल होतं. बायकोने पाय काढला, गाडी रखडत वर नेली आणि घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी उभी करून म्हणाली, "मिसिंग करतेय. चौघांपैकी एक कामावर नाही." ती बँकेत आहे. तिला असं खुर्ची न बघताही कळतं.

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. तिसऱ्या नंबरच्या प्लगवरची कॉइल ओढून काढली, तर तिचा रबरी पाय घोट्यापर्यंत काळ्या ऑइलने निथळत होता. सभा भरली.

पहिल्या मजल्यावरच्या काकांनी पिंपरीच्या एका कारखान्यात ट्रकच्या इंजिनांवर हयात घालवली आहे. त्यांनी ऑइलकडे एकदाच बघितलं आणि म्हणाले, "रिंगा गेल्या." झिजलेल्या रिंगांमुळे पिस्टनच्या बाजूने ऑइल सिलिंडरमध्ये चढतं, हे खरंच आहे. पण मग प्लगचं खालचं टोक, ठिणगी पडते ते, काळं आणि चिकट होतं, आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. आमच्या प्लगचं टोक कोरडं आणि फिकट तपकिरी होतं. ऑइल होतं ते वरच्या अंगाला, पांढऱ्या चिनी मातीच्या भोवती. म्हणजे ते खालून चढलेलं नव्हतं, वरून उतरलेलं होतं. काकांना टोक दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बारकाईने पाहिलं आणि म्हणाले, "आत्ता कोरडं आहे."

जाता जाता सांगायला हवं की काकांनी ज्या इंजिनांवर हयात घालवली त्यांना स्पार्क प्लग नसतोच. डिझेलच्या इंजिनात हवाच इतकी दाबतात की ती तापते आणि डिझेल आत येताच आपोआप पेटतं. हे मी बोललो नाही. मला त्याच सोसायटीत राहायचं आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या गाडीचं हेड गॅस्केट कधीकाळी कोल्हापूरच्या रस्त्यावर गेलं होतं. त्या बिलानंतर त्यांना जगातल्या प्रत्येक बिघाडात हेड गॅस्केट दिसतं. लिफ्ट मध्येच अडकली तेव्हाही त्यांचा सूर साधारण तसाच होता. हेड गॅस्केट गेलं की बहुधा पाणी आणि ऑइल एकमेकांत जातं, ऑइल दुधाळ होतं. मी डिपस्टिक काढून दाखवली. ऑइल चांगलं तपकिरी होतं. "सुरुवातीला असंच असतं," ते म्हणाले. मेहुण्याने फोनवरूनच, गाडी न बघता, "काढून टाका" असं सांगितलं. तो जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत आहे आणि पंक्चरवरही तो हाच सल्ला देतो.

हे ऑइल तिथे येतं कुठून, ही गोष्ट मला तरी फार आवडते, कारण तिच्यात कुणाचाही गाढवपणा नाही. जुन्या ॲम्बॅसडरमध्ये प्लग इंजिनाच्या कुशीला उघड्यावर बसवलेले असत. बॉनेट उघडलं की चौघे रांगेत समोर. त्यांना तेलाचा त्रास नव्हता, पाण्याचा होता. डबक्यातून गाडी गेली की चौघांचा संप. पुढे व्हॉल्व्ह वाढले. एकेका सिलिंडरला दोनाचे चार झाले, दोन आत घ्यायचे आणि दोन बाहेर टाकायचे. चौघांना चार कोपरे दिले की मधोमध जागा उरते ती प्लगची, आणि ती त्याला फार मानवते, कारण ठिणगी मध्यावर पडली की ज्योत सगळ्या बाजूंना सारख्याच वेळात पोचते. इंधन नीट जळतं, ताकद वाढते. पण या व्हॉल्व्हच्या डोक्यावर कॅमशाफ्ट फिरत असतात. तो सगळा माळा इंजिन चालू असेतो तेलात न्हात असतो. न्हायलाच हवा, नाहीतर कॅम घासून जातील. आता प्लगपर्यंत पोचायचं तर या तेलाच्या खोलीतूनच खाली उतरावं लागतं.

म्हणून तिथून एक उभी नळी खाली सोडली. नळीच्या बाहेर तेल, आत कोरडा प्लग, आणि त्याला वीज पुरवणारी कॉइल वरून रबरी पाय सोडून बसलेली. या सगळ्यावर टॅपेट कव्हरचं झाकण. नळीचं तोंड आणि झाकण जिथे भेटतात तिथे एक रबरी कडं. भल्याभल्या इंजिनियरांनी घातलेला सगळा घाट शेवटी त्या कड्यावर येऊन टेकतो. शंभर अंशांच्या आसपासच्या तेलात ते वर्षानुवर्षं बसून असतं. मऊ असतं तोवर दाबलं जातं आणि फट बुजवतं. हळूहळू उष्णतेने कडक होतं. कडक झालेल्या कड्याला आकार राहतो, दाब राहत नाही. मग तेल झिरपायला लागतं. खड्ड्याच्या तळाला प्लग घट्ट बसलेला, निचऱ्याला वाट नाही, त्यामुळे तळं साचतं. सगळं झाकणाखाली. जमिनीवर थेंब पडत नाही, धूर येत नाही, काही नाही.

तळ्यात उभा राहून प्लगने काय करायचं असतं, तेही बघा. तीन हजार आरपीएमला चार स्ट्रोकच्या इंजिनात एकेक प्लग सेकंदाला २५ वेळा पेटतो. दर वेळी वीस-पंचवीस हजार व्होल्टच्या विजेने जेमतेम मिलिमीटरभर फटीवरून उडी मारायची. १९०२ साली जर्मनीत बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग तयार केला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. वीज मात्र स्वभावाने कामचुकार. सोपी वाट मिळाली की उडी मारत नाही. कॉइलचा रबरी पाय ऑइलमध्ये भिजून फुगतो, पिठूळ होतो, त्याला बारीक तडे जातात, तड्यांत मळ आणि काजळी बसते. वीज तिथूनच शेजारच्या धातूत उतरते आणि खाली ठिणगी पडतच नाही. शुद्ध तेल विजेला वाट देत नाही, असा मुद्दा पार्किंगमधल्या सभेत अकरावीतल्या एका मुलाने काढला होता. मुद्दा बरोबर होता. त्याला क्लासला उशीर होतोय अशी आठवण करून देण्यात आली.

मग गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे थंडगार खोली, कॉफीचं मशीन आणि टाय लावलेला सल्लागार असतो. आम्ही त्याला सांगितलं, प्लगच्या खड्ड्यात ऑइल येतंय. त्याने टॅबवर बोट फिरवत अंदाजपत्रक काढलं: चार कॉइल, चार प्लग, टॅपेट कव्हर अख्खं, इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडीची सफाई, एसीचं निर्जंतुकीकरण आणि उंदीर येऊ नयेत म्हणून फवारा. न्यायाचं बोलायचं तर काही इंजिनांत ही कडी झाकणातच घट्ट बसवलेली येतात आणि झाकण अख्खं बदलण्यावाचून इलाज नसतो. आमच्या गाडीत ती सुटी मिळतात. बायकोने यादी दोनदा वाचली आणि विचारलं, "यातला उंदीर कुठल्या सिलिंडरमध्ये आहे?"

कॅनॉलच्या कडेला आमचे नेहमीचे मेस्त्री आहेत. त्यांनी कॉइल हातात घेतली, अंगठ्याने पुसली आणि एका वाक्यात विषय संपवला. "मॅडम, प्लगची सीलं गेल्यात. टॅपेट कव्हरचं पॅकिंग पण घेऊन या नाना पेठेतून." बस. इतक्या थोड्या शब्दांत इतकं बरोबर निदान ऐकून मला थोडं फसवल्यासारखं वाटलं.

नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानात गाडीचं नाव सांगून भागत नाही. साल, महिना, चासी नंबर, सगळी जन्मपत्रिका लागते. ती पाहून दुकानदाराने विचारलं, "कंपनीचं देऊ, ओरिजिनल देऊ का चांगलं देऊ?"

"यात फरक काय?"

"कंपनीचं म्हणजे कंपनीच्या डब्यातलं. ओरिजिनल म्हणजे कंपनीला जो पुरवतो त्याच्या डब्यातलं. माल एकच."

"आणि चांगलं?"

"ते आपण देतो," तो म्हणाला, आणि लेबल नसलेली एक पिशवी काउंटरवर ठेवली. आम्ही मधलं घेतलं. नुसती चार कडी मागितली तर त्याने सेट पुढे सरकवला. "कडेचं पॅकिंग पण त्याच वयाचंय. चौघं बदलली की ते आठवड्यात रुसेल." सगळं मिळून तीनशेच्या थोडं वर गेलं, आणि बायकोने तो आकडा दोनदा विचारून खात्री करून घेतली.

प्लग काढण्याआधी खड्ड्यातलं ऑइल उपसावं लागतं, नाहीतर प्लग सुटताच ते थेट सिलिंडरमध्ये उतरतं आणि गाडी चालू केल्यावर निळ्या धुराने काकांचं निदान खरं ठरतं. ही नामुष्की टाळायला मेस्त्रींनी मला पन्नास मिलीची सिरिंज आणि सलाइनची नळी आणायला पाठवलं. मेडिकलवाल्याने माझ्याकडे कळवळून बघितलं.

"पेशंट घरीच आहे का?"

"गॅरेजमध्ये आहे."

"वय?"

"बारा."

त्याने नळीचे पैसे घेतले नाहीत.

ऑइल उपसलं, उरलेलं चिंध्यांनी टिपलं, मग झाकणाचे बोल्ट निघाले. आतला कॅमशाफ्टचा माळा बघण्यासारखा होता. सगळीकडे तेलाचा सोनेरी थर, आणि मधून चार नळ्यांची तोंडं वर आलेली. जुनं कडं मेस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं तर त्याचे खटकन दोन तुकडे झाले. ते त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. रिंगा, हेड गॅस्केट, उंदीर, सगळ्यांचा आरोप ज्याच्या डोक्यावर होता तो हा आरोपी.

मग मेस्त्रींनी सिलिकॉनची ट्यूब काढली. आपल्याकडचा मेकॅनिक आणि सिलिकॉन यांच्यातलं प्रेम हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पॅकिंग नवं असो, जुनं असो, वर सिलिकॉनची जाड रेघ फिरवल्याशिवाय त्यांच्या मनाला काम पुरं झालंसं वाटत नाही. खरं तर रबरी पॅकिंग कोरडंच बसवायचं असतं. फार तर टायमिंग कव्हर आणि हेड यांचा सांधा येतो त्या कोपऱ्यांत टिकलीएवढं सिलिकॉन. जास्तीचं आतल्या बाजूला पिळून निघतं, तुटतं, ऑइलबरोबर खाली जातं आणि पंपाच्या जाळीत जाऊन बसतं. मग ऑइलच वर चढत नाही. मेस्त्रींना हे माहीत होतं. "पण सवय आहे," ते म्हणाले आणि ट्यूब खिशात ठेवली. काम संपेपर्यंत हात अधूनमधून खिशाकडे जात होता.

खरी झटापट बोल्टवर झाली. झाकणाचे बोल्ट आवळायचा आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. बायकोने तो वाचून आणला होता. साधारण दहा न्यूटन-मीटर, म्हणजे अगदीच बेताचं. शिवाय मधून सुरुवात करून कडांकडे जायचं आणि दोन फेऱ्यांत आवळायचं. आपल्याकडे मात्र आवळणं ही निष्ठेची खूण मानतात. दात-ओठ खाऊन, शेवटचा एक झटका दिल्याशिवाय पाना खाली ठेवला तर काम मनापासून केलं नाही असा अर्थ निघतो. त्या शेवटच्या झटक्याने रबर चिरडतं, झाकण वाकतं किंवा ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात, आणि गाडी परत त्याच मेस्त्रींकडे येते.

"मॅडम, माझा हातच टॉर्क रेंच आहे," मेस्त्री म्हणाले.

"त्याचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी केलं?" बायकोने विचारलं.

मेस्त्री थोडा वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग आतून एक लांबट डबा घेऊन आले. त्यात टॉर्क रेंच होता, मूळच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. कुणीतरी भेट दिला होता म्हणे. पहिला बोल्ट पुरेसा आवळला गेल्यावर त्याने 'टक्' केलं, तेव्हा गॅरेजमधली पोरं हातातलं काम टाकून बघायला आली.

इंजिनाच्या श्वासाचा व्हॉल्व्ह, मेस्त्री ज्याला ब्रीदर म्हणतात आणि पुस्तकं पीसीव्ही, तोही त्यांनी काढून हलवून बघितला. तो खुळखुळायला हवा. आमचा गप्प होता, काजळीने चिकटलेला. पिस्टनच्या बाजूने खाली निसटणाऱ्या वायूंना बाहेर पडायची ती वाट. ती तुंबली की आत दाब वाढतो आणि तेल जिथे रबर कच्चं दिसेल तिथून बाहेर पडतं. तो न बदलता नवी सीलं घालणं म्हणजे नव्या सीलांना जुनीच शिक्षा. बहुतेक ठिकाणी तो बघतच नाहीत, आणि मग 'सीलं डुप्लिकेट निघाली' असं नाना पेठेच्या नावावर टाकतात.

राहिली कॉइल. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावून बघितली. स्कॅनरने पुन्हा तपासलं तर बिघाडाने घर बदललं होतं. आता पहिला सिलिंडर मिसफायर दाखवत होता. म्हणजे तिसरी कॉइल तेलात राहून गेली होती. नवी आणावी लागली. तीनशेच्या आजाराने अडीच हजारांचा नातेवाईक मागे ठेवला होता.

संध्याकाळी गाडी पार्किंगमध्ये लागली तेव्हा सभा आपोआप भरली. "किती झाले?" काकांनी विचारलं. बायकोने खरं सांगितलं, सीलं तीनशेची. क्षणभर कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ "बरं झालं" म्हणाले, पण त्यांच्या आवाजात काही दम नव्हता. मला बघवेना. "कॉइलही गेली होती," मी म्हणालो, "अडीच हजार." लोकांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला. काकांनी मान डोलावली. "मी म्हणत नव्हतो," ते म्हणाले, "की हे एवढ्यावर थांबणार नाही?"

झाकण काढताना थोडं ऑइल गरम होणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर सांडतंच. ते जळून जाईपर्यंत एक-दोन दिवस वास येतो, सिग्नलला उभं राहिलं की बॉनेटच्या फटीतून थोडा धूरही निघतो. ऑफिसला जाताना दांडेकर पुलाच्या सिग्नलला तसाच धूर निघाला. शेजारी रिक्षा होती. रिक्षावाल्याने नाक वर करून वास घेतला, डोकं बाहेर काढलं आणि बायकोला ओलांडून माझ्याशी बोलला, कारण त्याच्या मते गाडी कुणीही चालवो, इंजिन पुरुषाचं असतं.

"साहेब, गाडी ऑइल पितीये."

"नाही हो, कालच काम केलंय. वरचं ऑइल जळतंय फक्त."

"सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला. "रिंग-पिस्टन निघालंय. आत्ता करून घ्या, स्वस्तात पडेल. धायरीला भावाचं गॅरेज आहे. माझं नाव सांगा."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि तो आमच्या बरोबरीने रिक्षा हाकत भावाचा नंबर सांगत होता.